एकपेशीय दृश्यकेंद्रकी सजीवांचे वर्गीकरण आणि उत्क्रांती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकपेशीय दृश्यकेंद्रकी सजीव म्हणजे नेमके कोण? त्यांना प्रोटिस्ट म्हणणे आजही योग्य आहे का?

ज्या पेशीतील डीएनए आवरण असलेल्या केंद्रकात असतो ती दृश्यकेंद्रकी पेशी. माणूस, आंब्याचे झाड, भूछत्र आणि डबक्यातला अमिबा हे सगळे याच अर्थाने एका मोठ्या घराण्यातले आहेत. या घराण्यातून प्राणी, भूवनस्पती आणि कवके हे तीन गट बाजूला काढले की जे उरते त्याला सवयीने प्रोटिस्ट म्हटले जाते. त्यांतील बहुतेक एकपेशीय असले तरी सगळे तसे नाहीत, कारण समुद्रात कित्येक मीटर वाढणारा केल्प हा तपकिरी शैवालही याच उरलेल्यांत मोडतो. बोलण्याच्या सोयीसाठी हे नाव वापरायला हरकत नाही. मात्र आजचे वर्गीकरण एका पूर्वजाची सगळी संतती एकत्र ठेवण्याच्या तत्त्वावर उभे आहे आणि त्या तत्त्वावर प्रोटिस्ट हा गट टिकत नाही. काही प्रोटिस्ट इतर प्रोटिस्टांपेक्षा आपल्याच अधिक जवळचे नातलग आहेत.

या सजीवांना आरंभी कोठे बसवले गेले होते?

डेल्फ्ट येथील कापडव्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक याने १६७४ मध्ये जवळच्या तळ्याचे पाणी स्वतः घासलेल्या भिंगाखाली पाहिले आणि त्यात हालचाल करणारे सूक्ष्म जीव असल्याचे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. त्या काळी सजीव म्हणजे प्राणी किंवा वनस्पती एवढाच पर्याय असल्याने, हलतात ते प्राणी आणि हिरवे असतात ते वनस्पती अशी त्यांची सरळ वाटणी झाली. कार्ल लिनियसने १७६७ च्या आवृत्तीत अशा बऱ्याच जीवांना कृमींच्या वर्गात 'केऑस' नावाच्या एकाच प्रजातीत कोंबले. पुढे १८१८ च्या सुमारास गोल्डफुस याने आदिजीवांचा (प्रोटोझोआ) गट कल्पिला, पण त्यात पोवळी आणि जेलीफिशही होते. एरेनबर्ग याचे तर १८३८ मध्ये असे ठाम म्हणणे होते की या जीवांना आपल्यासारखेच जठर आणि इतर अवयव असतात, फक्त ते अतिशय लहान असतात. फ्रान्समधील द्युजार्दँ याने ते खोडून काढले आणि फॉन सीबोल्ड याने १८४५ मध्ये आदिजीव म्हणजे एकाच पेशीचे प्राणी अशी मर्यादा आखून दिली.

तरीही युग्लिना या एकपेशीय जीवाचा प्रश्न सुटला नव्हता. तिच्याजवळ हरितलवके आहेत, ती कशाभिकेने, म्हणजे चाबकासारख्या लांब धाग्याने, पोहते आणि प्रकाश मिळाला नाही तर तयार अन्न शोषून काही काळ जगते. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात ती शैवाल ठरे आणि प्राणिशास्त्राच्या पुस्तकात आदिजीव. दोन्ही शास्त्रांचे नामकरणाचे नियम वेगळे असल्याने एकाच जीवाला दोन घराण्यांत जागा मिळे. ही ओढाताण संपवण्यासाठी अर्न्स्ट हेकेल याने १८६६ मध्ये प्रोटिस्टा ही तिसरी सृष्टी मांडली. तिच्यात त्याने जीवाणूही घातले आणि स्पंजही.

हालचालीच्या अवयवांवरून केलेले वर्गीकरण का सोडून द्यावे लागले?

आपल्यापैकी अनेकांनी शाळेत शिकलेली विभागणी अशी होती: छद्मपाद (पेशीला तात्पुरते फुटणारे पाय) असलेले, कशाभिका असलेले, रोमके (आखूड केसांसारखे धागे) असलेले आणि परजीवी बीजाणू करणारे. तिचा आराखडा ब्युत्श्ली याने १८८० च्या दशकात घातला आणि किरकोळ डागडुजीसह तो शतकभर चालला. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसते त्यावरच ती उभी असल्याने शिकवायला सोपी होती. पण वटवाघूळ, कबुतर आणि फुलपाखरू यांना पंख आहेत म्हणून त्यांचा एक गट केला तर जी चूक होईल, तीच येथे झाली होती.

अमिबाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. आकार बदलत छद्मपादांनी सरकणे ही जगण्याची एक रीत आहे आणि ती उत्क्रांतीत अनेकदा स्वतंत्रपणे उद्भवली आहे. प्रयोगशाळेत दाखवला जाणारा नेहमीचा अमिबा ज्या अमिबोझोआ गटात येतो, तो प्राणी आणि कवके यांच्या बराच जवळचा आहे. केरळमध्ये अलीकडे ज्याच्या संसर्गाने मृत्यू झाले आणि ज्याला वर्तमानपत्रे 'मेंदू खाणारा अमिबा' म्हणतात, तो नेग्लेरिया फाउलेरी मात्र युग्लिनाच्या गोतातला आहे. बारीक शिंपल्यासारखे कवच करणारे फोरामिनिफेरा धाग्यांसारखे छद्मपाद पसरतात आणि त्यांचा गट या दोन्हींपासून निराळा आहे. कशाभिकांची कथा याच्या उलट आहे. ती सर्व दृश्यकेंद्रकींच्या समान पूर्वजालाच होती, त्यामुळे ती असणे हा कोणत्याही विशेष नात्याचा पुरावा ठरत नाही. ज्यांच्यात ती दिसत नाही त्यांनी ती गमावली आहे.

१९८० मध्ये आदिजीवशास्त्रज्ञांच्या समितीने आदिजीवांचे सात संघ जाहीर केले. त्यांपैकी माशांवर जगणारा मिक्सोझोआ हा संघ पुढे आदिजीवांच्या यादीतून बाहेर पडला. हे परजीवी जेलीफिशच्या कुळातले, अतिशय झिजून लहान झालेले बहुपेशीय प्राणी निघाले.

मग व्हिटाकरची पंचसृष्टी पद्धती चुकीची समजायची का?

रॉबर्ट व्हिटाकर यांनी १९६९ मध्ये मांडलेली पद्धती महाराष्ट्रातील शालेय पाठ्यपुस्तकांत आजही आहे आणि तिचे दोन मोठे उपकार मान्य करायला हवेत. जीवाणूंना तिने दृश्यकेंद्रकींपासून पूर्ण वेगळे ठेवले आणि कवकांना वनस्पतींच्या दावणीतून सोडवले. आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी हा भेद शाटों याने १९२५ मध्ये नोंदवला होता. १९६२ मध्ये स्टॅनिअर आणि व्हान नील यांनी तो नेमक्या शब्दांत मांडल्यावर त्याचे महत्त्व सर्वांना पटले. व्हिटाकर यांच्या पद्धतीतील दोष प्रोटिस्टा सृष्टीत आहे. ती एकमेकांशी नाते आहे म्हणून केलेली नसून इतर तीन प्रगत मानलेल्या सृष्टींत बसत नाहीत म्हणून केलेली आहे. शिवाय त्या मांडणीत प्रोटिस्टा ही खालची पायरी आणि वनस्पती, कवके, प्राणी या वरच्या पायऱ्या असा भाव आहे. जनुकांचा अभ्यास सुरू झाल्यावर दिसले की दृश्यकेंद्रकींच्या वंशवृक्षावरील बहुतेक मोठ्या फांद्या प्रोटिस्टांच्याच आहेत आणि प्राणी, कवके, भूवनस्पती या त्यांतल्या काही फांद्यांवरच्या डहाळ्या आहेत. परीक्षेत पाठ्यपुस्तकाप्रमाणे उत्तर लिहावे. परंतु शिक्षकांनी ही एक बाब विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी असे मला मनापासून वाटते.

रेणूंच्या अभ्यासाने नेमके काय बदलले?

प्रत्येक पेशीत प्रथिने बनवणारे रायबोसोम असतात आणि त्यांच्या लहान भागातील आरएनए अत्यंत सावकाश बदलतो. दोन जीवांच्या या आरएनएतील अक्षरक्रम जुळवून पाहिला की त्यांचे वंश किती पूर्वी वेगळे झाले याचा अंदाज बांधता येतो. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये या पद्धतीने आर्किआंचा, म्हणजे जीवाणूंसारख्या दिसणाऱ्या पण त्यांच्याहून वेगळ्या केंद्रकविहीन सूक्ष्मजीवांचा, स्वतंत्र वंश दाखवून दिला. हीच पद्धत मिचेल सोगिन आणि इतरांनी प्रोटिस्टांना लावली. आता आकार, रंग आणि हालचाल यांच्यावर अवलंबून न राहता सर्वांना एकाच मापाने मोजता येऊ लागले. त्यातून अनपेक्षित नाती पुढे आली. उदाहरणार्थ, १९९३ मध्ये बाल्डॉफ आणि पामर यांनी प्रथिनांच्या अक्षरक्रमांवरून दाखवले की कवके ही वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहेत.

मात्र या नव्या मापातही एक खोट होती, आणि ती कळायला जवळपास दहा वर्षे गेली.

आर्किझोआ ही कल्पना काय होती आणि ती का कोसळली?

या विषयातील सर्वांत शिकण्यासारखे प्रकरण हेच आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देत आहे.

काही दृश्यकेंद्रकींमध्ये तंतुकणिका, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया, दिसत नाहीत. दूषित पाण्यातून आतड्यात जाऊन जुलाब घडवणारा जिआर्डिया, आमांश करणारा एन्टामिबा, ट्रायकोमोनास, आणि रेशीमकिड्यांच्या पेब्रिन रोगास कारण असलेला नोसिमा ज्यांत येतो ते मायक्रोस्पोरिडिया, ही त्यांतील ठळक नावे. तंतुकणिका म्हणजे एके काळी दुसऱ्या पेशीत शिरून स्थायिक झालेला जीवाणू, हे तोवर मान्य झाले होते. तेव्हा थॉमस कॅव्हेलियर-स्मिथ यांनी १९८३ मध्ये तर्क मांडला की केंद्रक आधी तयार झाले आणि तंतुकणिका नंतर आल्या; मधल्या काळातील दृश्यकेंद्रकींचे वंशज म्हणजे हे तंतुकणिकाविहीन जीव. त्यांना त्यांनी आर्किझोआ असे नाव दिले.

हा तर्क तपासून पाहता येण्याजोगा होता, हीच त्याची खरी योग्यता. पहिली तपासणी त्याच्या बाजूने गेली. १९८७ मध्ये मायक्रोस्पोरिडियाचा आणि १९८९ मध्ये जिआर्डियाचा रायबोसोमल आरएनए वाचला गेला आणि दोघेही वंशवृक्षाच्या अगदी बुंध्याशी जाऊन बसले. काही काळ पाठ्यपुस्तकांत जिआर्डियाचे वर्णन जिवंत जीवाश्म असे होऊ लागले.

मग उलटे पुरावे येऊ लागले. १९९५ मध्ये एन्टामिबाच्या केंद्रकात तंतुकणिकेकडून आलेली जनुके सापडली. पाठोपाठ ट्रायकोमोनास, जिआर्डिया आणि मायक्रोस्पोरिडिया यांच्यातही तशी जनुके आढळली. घरात राहून गेलेल्या माणसाचे सामान सापडावे तसा हा प्रकार होता. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे तो रहिवासी घर सोडून गेलेलाच नव्हता. एन्टामिबात १९९९ मध्ये आणि जिआर्डियात २००३ मध्ये दुहेरी आवरणाच्या अतिसूक्ष्म पिशव्या ओळखल्या गेल्या. त्यांना मायटोसोम म्हणतात. त्या श्वसन करत नाहीत आणि त्यांच्यात डीएनए उरलेला नाही; पण जिआर्डियातील पिशव्यांत लोह आणि गंधक यांचे जे पुंज अनेक प्रथिनांना लागतात ते जुळवण्याची यंत्रणा आहे. ट्रायकोमोनासमध्ये तंतुकणिकेचे रूपांतर हायड्रोजन वायू सोडणाऱ्या अंगकात (पेशीतल्या छोट्या अवयवात) झाले आहे. प्राणवायू नसलेल्या किंवा कमी असलेल्या जागी राहणाऱ्यांनी श्वसनाची यंत्रणा टाकून दिली, एवढाच याचा अर्थ.

मग रायबोसोमल आरएनएने त्यांना बुंध्याशी का बसवले? परजीवींच्या जनुकांत बदल फार वेगाने साचतात. वंशवृक्ष काढण्याच्या साध्या गणिती पद्धतींत अशा लांबलेल्या फांद्या एकमेकींकडे, आणि तुलनेसाठी घेतलेल्या दूरच्या आर्किआंकडे, ओढल्या जातात. फेल्सेन्स्टाइन यांनी हा धोका १९७८ मध्येच गणिताने दाखवला होता. वेग विचारात घेणाऱ्या पद्धती आणि अनेक प्रथिने एकत्र वापरल्यावर मायक्रोस्पोरिडिया बुंध्यापासून उठून थेट कवकांच्या शेजारी जाऊन बसले.

म्हणजे साधेपणा हा प्राचीनतेचा पुरावा नाही. उत्क्रांतीत कमावण्याइतकेच गमावणेही घडते, आणि एकपेशीय जीवांच्या बाबतीत तर ते सतत घडत आलेले आहे. २०१६ मध्ये चिंचिला या प्राण्याच्या आतड्यातून मिळालेल्या मोनोसर्कोमोनॉइडिस या जीवात तंतुकणिकेचा कसलाच अंश नसल्याचे प्राग येथील चमूच्या पुढाकाराने झालेल्या जनुकसंचाच्या वाचनातून दिसले. पण त्याचे जवळचे नातलग तंतुकणिकेचे अवशेष बाळगून आहेत. त्यानेही ती गमावलीच आहे. फरक इतकाच की लोह-गंधकाचे पुंज जुळवणारी दुसरी यंत्रणा जीवाणूंकडून आधी मिळवल्यामुळे त्याला ती पूर्णपणे सोडता आली.

दृश्यकेंद्रकी पेशी मुळात आली कोठून?

हरितलवके स्वतंत्र जीवांपासून आली असावीत, हा विचार मेरेशकोव्स्की याने १९०५ मध्ये मांडला होता. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ च्या लेखात तंतुकणिकांसह सगळी मांडणी नव्याने केली. आरंभी तिला फार विरोध झाला, पण दोन्ही अंगकांतील डीएनए आणि रायबोसोम जीवाणूंशी जुळल्यावर तो मावळला. त्याच लेखातील कशाभिकाही जीवाणूंपासून आल्या हा भाग मात्र पुराव्याअभावी मागे पडला.

ज्या पेशीत तंतुकणिकेचा पूर्वज शिरला तो यजमान कोण होता, याचे उत्तर २०१५ मध्ये मिळू लागले. ग्रीनलंड आणि नॉर्वे यांच्यामधील समुद्रात लोकीज कॅसल नावाचे उष्णजल-झरे आहेत. त्या परिसरातील गाळात डीएनएच्या रूपाने असे आर्किआ आढळले की ज्यांच्याकडे अॅक्टिन आणि पेशीपटलांना आकार देणारी प्रथिने आहेत, जी तोवर दृश्यकेंद्रकींची मक्तेदारी समजली जात होती. त्यांच्या गोतावळ्याला पुढे अॅसगार्ड आर्किआ म्हटले जाऊ लागले. जपानी शास्त्रज्ञांनी नानकाई खंदकाजवळच्या गाळातून त्यांतील एक जीव १२ वर्षांच्या चिकाटीने वाढवला आणि २०२० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तो जेमतेम अर्धा मायक्रोमीटर रुंद आहे, एकदा दुप्पट व्हायला त्याला दोन ते साडेतीन आठवडे लागतात आणि त्याच्या अंगातून लांब, फांद्या फुटलेले धागे निघतात. दृश्यकेंद्रकी हे अॅसगार्ड आर्किआंच्या आतूनच फुटले आहेत, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात.

आज कोणते महागट मानले जातात?

२००५ मध्ये आदिजीवशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीने सहा महागट सुचवले होते. त्यानंतर पंधरा वर्षांत त्यांपैकी क्रोमॅल्व्हिओलेटा पूर्ण मोडीत निघाला आणि एक्सकॅव्हेटाचे तुकडे झाले. सध्याच्या मांडणीत प्राणी, कवके आणि अमिबोझोआ एका बाजूला येतात. लाल व हिरवी शैवाले आणि भूवनस्पती आर्किप्लास्टिडामध्ये. तपकिरी शैवाले, डायाटम (काचेसारखे कवच असलेली सूक्ष्म शैवाले), रोमकधारी, डायनोफ्लॅजेलेट (दोन कशाभिकांचे, बहुतांशी समुद्री सूक्ष्मजीव) आणि फोरामिनिफेरा यांना सामावणारा प्रचंड 'सार' गट. युग्लिना आणि नेग्लेरिया ज्यात आहेत तो डिस्कोबा. जिआर्डिया आणि ट्रायकोमोनास यांचा मेटामोनाडा. याखेरीज हॅप्टिस्टा, क्रिप्टिस्टा आणि आणखी काही लहान गट. सृष्टी, संघ, वर्ग या ठरावीक पायऱ्या यांत फारशा वापरल्या जात नाहीत.

द्राक्षावरील डाऊनी ही बुरशी नाही, हे खरे का?

खरे आहे, आणि नाशिक-सांगलीच्या बागायतदारांसाठी हा केवळ नावाचा वाद नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पावसाळी हवा राहिली की पानाच्या वरच्या बाजूस तेलकट पिवळे डाग पडतात आणि त्याच डागांच्या मागे पांढरी लव येते, तो डाऊनी अर्थात केवडा. भुरी वेगळी, तिची राखाडी-पांढरी पूड पानांवर आणि मण्यांवर दिसते. दोन्ही रोगांना बोलताना बुरशीजन्य म्हटले जाते, पण भुरी खऱ्या कवकामुळे होते आणि डाऊनी प्लास्मोपारा विटिकोला या ऊमायसीट गटातील जीवामुळे होते. ऊमायसीट 'सार' गटातले, म्हणजे डायाटम आणि तपकिरी समुद्री शैवालांचे नातलग आहेत. १८४५ मध्ये आयर्लंडमधील बटाटा नासवणारा करपा आणि कोकणातल्या सुपारीचा कोळेरोग हेही त्यांच्याच कुळातल्या फायटॉफ्थोराचे काम आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली पानामागची लव कवकतंतूंसारखीच दिसते. परंतु पानावर पाणी साचले की तिच्या बीजाणुपिशव्यांतून पोहणारे बीजाणू बाहेर पडतात आणि त्यांच्या कशाभिका पाहिल्या की कूळ उघड होते. एक कशाभिका गुळगुळीत असते, तर दुसरीवर ताठ केसांच्या ओळी असतात. तपकिरी शैवालांच्या पोहणाऱ्या पेशींनाही असाच जोड असतो. त्यांच्या पेशीभित्तिकेत मुख्यतः कायटिन नसून सेल्युलोज आणि ग्लुकॅन असतात. कवके पेशीपटलासाठी एर्गोस्टेरॉल तयार करतात. प्लास्मोपारा आणि फायटॉफ्थोरा स्वतः स्टेरॉल बनवत नाहीत. म्हणूनच एर्गोस्टेरॉलची निर्मिती रोखणारी हेक्साकोनॅझोलसारखी औषधे भुरीवर चालतात आणि डाऊनीवर चालत नाहीत, तर मेटॅलॅक्झिल डाऊनीवर चालते आणि भुरीवर नाही. बोर्डो मिश्रणातील तांब्याचा मारा मात्र कुळ-गोत्र पाहत नाही; अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोचलेल्या डाऊनीवर उपाय म्हणून ते १८८५ मध्ये पुढे आले.

मलेरियाच्या परजीवीचा शैवालांशी काय संबंध?

रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात ज्याची अवस्था पाहिली, तो प्लास्मोडियम पूर्वी बीजाणू करणाऱ्या परजीवींच्या सरमिसळ गटात होता. १९९० च्या दशकात त्याच्या पेशीत चार आवरणांचे एक लवक, म्हणजे हरितलवकाच्या जातकुळीचे अंगक, असल्याचे सिद्ध झाले. त्याच्या पूर्वजाने लाल शैवालाकडून हे लवक घेतले होते. प्रकाशसंश्लेषण केव्हाच थांबले आहे, तरी काही आवश्यक मेदसदृश रेणू तेथेच बनत असल्याने परजीवीला ते टाकता येत नाही. त्या लवकातील रायबोसोम जीवाणूंच्या ठेवणीचे असल्यामुळे डॉक्सिसायक्लिनसारखे प्रतिजैविक मलेरियावर उपयोगी पडते. २००८ मध्ये सिडनीच्या बंदरातील पोवळ्यांसोबत मिळालेल्या क्रोमेरा या जीवाचे वर्णन झाले. तो प्लास्मोडियमचा जवळचा नातलग असून अजूनही सूर्यप्रकाशावर जगतो.

कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यातील काही रात्री लाटा निळसर चमकतात, त्याला बहुतेक वेळा नॉक्टिल्युका हा डायनोफ्लॅजेलेट कारण असतो. पेशीपटलाखाली चपट्या पिशव्यांचा थर ही प्लास्मोडियम, पॅरामेशिअम आणि डायनोफ्लॅजेलेट यांची समान खूण आहे. मलेरियाचा परजीवी आणि लाटांतला तो प्रकाश एकाच कुळातले आहेत, हे समजल्यावर मला या विषयाचे जे वेड लागले ते अजून ओसरलेले नाही.

शैवाले हा एक गट आहे की अनेक?

अनेक. निळ्या-हिरव्या जीवाणूला आत घेऊन लवक बनवण्याची मुख्य घटना आर्किप्लास्टिडाच्या पूर्वजात घडली. पुढे इतर वंशांनी आख्खी लाल किंवा हिरवी शैवालेच गिळून ठेवली. क्रिप्टोफाइट या एकपेशीय शैवालांच्या पेशीत तर गिळलेल्या शैवालाच्या केंद्रकाचा आक्रसलेला अवशेषही आहे. युग्लिनाचे हिरवेपण असेच मिळवलेले आहे आणि म्हणूनच ती ना वनस्पती आहे ना प्राणी. पॉलिनेला या कवचधारी अमिबासदृश जीवाने तर सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी निळ्या-हिरव्या जीवाणूला आत घेण्याचा सगळा प्रकार स्वतंत्रपणे पुन्हा केला. अरबी समुद्रात वाढणारा हिरवा नॉक्टिल्युका आपल्या पोटात हजारो हिरव्या शैवालपेशी जिवंत बाळगतो, पण त्या अजून त्याचे अंगक झालेल्या नाहीत. २०२४ मध्ये एका समुद्री शैवालातील नायट्रोजन स्थिर करणारा जीवाणू अंगकाच्या पायरीला पोचल्याचे पुरावे प्रसिद्ध झाले. तो यजमानाबरोबरच विभागतो आणि यजमानाने बनवलेली प्रथिने आत घेतो.

प्राण्यांचे सर्वांत जवळचे एकपेशीय नातलग कोण?

कॉलरधारी कशाभिकी, म्हणजे कोआनोफ्लॅजेलेट. स्पंजाच्या कॉलरपेशींशी त्यांचे असलेले साम्य जेम्स-क्लार्क यांनी १८६० च्या दशकात नोंदवले होते. २००८ मध्ये त्यांतील मोनोसिगाचा जनुकसंच वाचल्यावर पेशींना पेशी चिकटवणारी कॅडहेरिन कुळातील प्रथिने या एकट्याने राहणाऱ्या जीवातही मिळाली. प्राणी अस्तित्वात येण्याआधीच त्यांच्या घडणीचे बरेच साहित्य तयार होते, असा याचा अर्थ.

भारत आणि श्रीलंकेत आढळणाऱ्या ऱ्हायनोस्पोरिडिओसिस या आजाराची नोंदही येथेच करावी लागेल. तळ्यात डुंबणाऱ्यांच्या नाकात स्ट्रॉबेरीसारखी, सहज रक्त येणारी गाठ वाढते. तिच्या कारणाला सीबर याने १९०० मध्ये आदिजीव मानले, १९२३ मध्ये अॅशवर्थ याने कवक ठरवले आणि सत्तरहून अधिक वर्षे तो कवकांच्या पुस्तकात राहिला. १९९९ नंतरच्या आरएनए-अभ्यासांनी तो माशांच्या परजीवींच्या एका लहान गटात असल्याचे आणि कवकांपेक्षा प्राण्यांना जवळचा असल्याचे दाखवले. कवकनाशक औषधे त्याच्यावर नीट का चालत नाहीत आणि गाठ शस्त्रक्रियेने काढणे हाच मुख्य इलाज का राहिला, हे त्यावरून ध्यानात येते.

या इतिहासाला जीवाश्मांचा आधार आहे का?

थोडा, पण मोलाचा. विंध्य खडकांत, चित्रकूट परिसरातील सुमारे १६० कोटी वर्षांच्या थरांत लाल शैवालांसारखे दिसणारे जीवाश्म २०१७ मध्ये वर्णिले गेले. कॅनडाच्या आर्क्टिक भागातील बँगिओमॉर्फा हे सुमारे १०५ कोटी वर्षांपूर्वीचे लाल शैवाल सर्वमान्य आहे.

आता नवे मोठे गट सापडणे शक्य आहे का?

ते सापडतच आहेत. कॅनडातील हॅलिफॅक्सजवळ पायी फिरताना एका विद्यार्थिनीने गोळा केलेल्या मातीतून हेमिमास्टिक्स हा दुर्मीळ जीव निघाला. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना कशाभिकांच्या ओळी असतात. २०१८ मध्ये मोजक्या पेशींतील आरएनए वाचल्यावर दिसले की त्याचा गट कोणत्याही ज्ञात महागटात बसत नाही. तेथील मूळ रहिवासी मिग्माक लोकांच्या कथांतील केसाळ राक्षसावरून त्या जातीचे नाव ठेवले आहे. २०२२ मध्ये प्रोव्होरा हा गट जाहीर झाला. त्यातील जीव इतर सूक्ष्मजीवांची शिकार करतात आणि काही तर सावजाचे अक्षरशः लचके तोडतात. तारा या जहाजाने जगभरच्या समुद्रांतून आणलेल्या नमुन्यांत दृश्यकेंद्रकींचे सुमारे दीड लाख आनुवंशिक प्रकार मोजले गेले. त्यांपैकी जवळपास एक तृतीयांश प्रकार कोणत्याच ज्ञात गटात घालता आले नाहीत.

वंशवृक्षाचे मूळ कोठे आहे?

फांद्या ओळखणे आणि त्यांतली पहिली फूट कोठे पडली हे ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे फारच अवघड आहे. जिआर्डियाला बुंध्याशी ठेवणारे मूळ गेल्यावर २००२ मध्ये दोन जनुकांच्या जोडणीवरून एक कशाभिकेचे आणि दोन कशाभिकांचे अशी विभागणी सुचवली गेली. अधिक जीव तपासल्यावर तीही डळमळली. तुलनेसाठी आर्किआ फार दूरचे पडतात; म्हणून अलीकडे तंतुकणिकेसोबत जीवाणूंकडून आलेली प्रथिने या कामी वापरली जातात. २०२५ मध्ये या पद्धतीने झालेल्या एका विस्तृत अभ्यासाने असे सुचवले आहे की, समान पूर्वज हा अंगावरच्या खोबणीत जीवाणू ओढून खाणारा, दोन कशाभिकांचा जीव असावा.

अशा खोबणीवाल्यांपैकी जाकोबिड आजही गोड्या पाण्यात आणि गाळात राहतात. त्यांतील रेक्लिनोमोनासच्या तंतुकणिकेचा डीएनए १९९७ मध्ये वाचला गेला, तेव्हा त्यात प्रथिनांची ६० हून अधिक जनुके मिळाली. माणसाच्या तंतुकणिकेत ती १३ आहेत.